आईची वही शुद्ध करून घ्यायची का?

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील गाळले आहेत.)

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचं हे पत्र. वय ५४, पेशानं शिक्षिका. त्यांची आई गेल्या माघात गेली, ८१ व्या वर्षी. वाड्यावरचे लहानथोर तिला माई म्हणत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ती शिवायची आणि अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करायची. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्यात काय कुठं टांगायचं, हे खाली उभी राहून पुरुषमंडळींना सांगायची. फुगडीला आणि पौषात धालोंच्या, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाचगाण्याच्या, मांडावर दरवर्षी दोन-चार नवी गाणी रचून म्हणायची. शाळेत कधी गेली नाही, अक्षरं पोथीवरून शिकली.

ती गेल्यावर तिच्या पेटीत एक जाडजूड वही सापडली. तीत ओव्या आहेत, फुगडीची गाणी आहेत, दुधाचा हिशेब आहे आणि गोधड्यांचे आडाखे आहेत. भाषा अर्धी मराठी, अर्धी कोंकणी. काही पानांवर सासूबद्दल, नवऱ्याबद्दल आणि एके ठिकाणी थोरल्या मुलाबद्दल कडू ओळी आहेत.

वर्षश्राद्धाला स्मरणग्रंथ काढायचं घरात ठरलंय. थोरल्या भावाला ५०० प्रती हव्यात, 'वात्सल्यसिंधू' असं नाव हवं, सुरुवातीला आमदारांचा संदेश हवा आणि ती कडू पानं फाडून टाकायला हवीत. धाकटा भाऊ मस्कतला असतो, तो पैसे देतो आणि 'तुम्ही ठरवा' म्हणतो. ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक वही 'शुद्ध मराठीत' आणून द्यायला तयार आहेत, नमुन्याला एक ओवी करूनही दिली आहे. ताईंची २४ वर्षांची मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. आजीची अर्धवट राहिलेली गोधडी तिला पुरी करायची आहे आणि त्यासाठी आजीची दोन लुगडी कापायची आहेत. ताईंना ही कल्पनाही सहन होत नाही. मामा मयेला असतात, ७८ वर्षांचे आहेत, थकलेत, म्हणून त्यांना यात ओढलेलं नाही.

ताई लिहितात, "आई जिवंत असताना मी एकदाही तिला म्हटलं नाही की गाणी दाखव. आता तिला न्याय मिळेल असं काहीतरी दोन महिन्यांत उभं करायचं आहे. वही शुद्ध करून घेऊ का? ती पानं काढू का? आणि मुलीला कसं समजावू?"

ताई,

तुम्ही पत्रासोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात, आणि मागच्या बाजूला प्राध्यापकांनी सुधारलेली तीच ओवी. दोन्ही कागद गेले चार दिवस माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आहेत. वाचकांसाठी दोन्ही इथे देते. माईंची अशी:

अंगण सारविते, शेण माझ्या हातां
भाव शाळे वता, पळयतां हांव

आणि सुधारलेली अशी:

अंगण सारविते, शेण माझ्या हाती
बंधू शाळे जाती, पाहते मी

प्राध्यापकांना नावं ठेवायची नाहीत. यमक नेटकं जुळवलंय आणि शब्दही कुठं घुसडलेला नाही. पण पाटी काखेत मारून पळणारा धाकटा भाऊ 'बंधू जाती' म्हटल्याबरोबर एकदम पूज्य झाला बघा! 'भाव वता' म्हणताना तो शेंबडा आहे, जवळचा आहे, त्याचा थोडा हेवाही आहे. आदरार्थी क्रियापद लावलं आणि हेवा गेला. मग अंगणात शेणाचे हात घेऊन उभी असलेली मुलगी कशासाठी थांबलीय, हेच कळेनासं होतं.

आणखी एक. पहिली ओळ मराठीत आहे, म्हणजे पोथीच्या भाषेत. अंगण सारवणं हे काम, ते सगळ्यांना सांगण्यासारखं. दुसरी ओळ स्वतःवर आली आणि माई घरच्या बोलीत शिरल्या. शेवटचा शब्द 'हांव'. आपल्याला त्याचा अर्थ 'मी' हे ठाऊक आहे, पण मराठी कानाला त्यात शाळेची हावही ऐकू येते. त्यांनी हे मुद्दाम साधलं असं मी म्हणणार नाही. गाणं रचणाऱ्याच्या हातून अशा गोष्टी होऊन जातात, आणि शुद्ध करणाऱ्याच्या हातून त्या निसटतात.

आपल्या गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत आजही हेच चालतं. चुलीपाशी कोंकणी, आरती, पोथी आणि चिठ्ठीपत्री मराठीत. बायकांची गाणी या दोहोंच्या उंबरठ्यावर बसून रचलेली. १९८७ चा राजभाषा कायदा होण्याआधी आणि झाल्यावरही कोंकणी की मराठी यावरून आपण रस्त्यावर काय काय पाहिलं, ते तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. माईंच्या वहीला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. आता तिला कुठल्याही एका बाजूला ओढू नका. उद्या कुणी 'शुद्ध कोंकणीत' करून देतो म्हणाला तरी माझं उत्तर हेच असेल.

असली वही सापडली की प्रत्येकाला बहिणाबाई आठवतात. तुम्हालाही आठवल्या असतील आणि लाजून लिहायचं टाळलं असेल. तुलना करू नका, पण एक गोष्ट घ्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, टिपून ठेवलेली गाणी अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपानं आली, आणि आली ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. मुलगा स्वतः कवी होता. आईच्या ओळी प्रमाण मराठीत बसवून घ्यायला त्याला कितीसा वेळ लागला असता?

तेव्हा वही छापाल तेव्हा डाव्या पानावर माईंचं जसंच्या तसं ठेवा, ऱ्हस्वदीर्घ चुकलेल्यासकट. उजव्या पानावर कठीण शब्दांचे अर्थ आणि थोडं स्पष्टीकरण. हे उजवं पान प्राध्यापकांना द्या. त्यांचा मान राहील, त्यांच्या अभ्यासाचा खरा उपयोग होईल, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना 'पळयतां' म्हणजे पळणं वाटायचं नाही.

आता 'न्याय' या शब्दाबद्दल. तो तुमच्या पत्रात चार वेळा आलाय. आईवर अन्याय झाला असं तुम्हाला आत कुठंतरी वाटतंय, आणि त्यातला काही तुमच्या हातून झाला, असंही. गाणी दाखव असं म्हटलं नाही, खरं. पण वही पेटीत, लुगड्यांच्या खाली होती, हेही तुम्हीच लिहिलंय. जी बाई मांडावर पन्नास बायकांपुढे गाणं म्हणायची, तिला मुलीला वही दाखवायची असती तर तिनं दाखवली असती. काही गोष्टी तिनं स्वतःपाशी ठेवल्या होत्या. ती तिची निवड होती, आणि तुम्ही तिचा मान राखलात, नकळत का होईना.

दुसरं असं की वर्षश्राद्ध ही धर्मकार्याची तिथी आहे, छापखान्याची नव्हे. दोन महिन्यांत घाईनं काढलेल्या पुस्तकाचं काय होतं ते मी घरचंच सांगते. माझी सासू गेली तेव्हा आम्हीही बाराव्या महिन्याला स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, ५०० प्रती, तीन पुढाऱ्यांचे संदेश. त्यातल्या एकाही पुढाऱ्यानं तिला पाहिलेलं नव्हतं. दीडेकशे वाटल्या गेल्या, बाकीच्या माळ्यावर चढल्या. आठ-दहा वर्षांनी कौलं शाकारायला माणसं आली तेव्हा कळलं की गठ्ठ्यांच्या आत वाळवीनं छान बोगदे केलेत. मला वाळवीचा राग आला नाही. मी एक प्रत झटकून वाचली: प्रेमळ, सोशिक, अन्नपूर्णा, देवभोळी. नाव बदललं असतं तर कुणाच्याही सासूला चालली असती! माझी सासू केळीच्या सोपाच्या दोरावर अबोली आणि जाई अशी गुंफायची की दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही फाती सैल पडत नसे. ती गाठ कशी मारायची, ते त्या चाळीस पानांत कुठंच नव्हतं. आता ते सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही.

म्हणून 'वात्सल्यसिंधू' नको. दादांना दुखवायचं नसेल तर ते नाव वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीला द्या, तिथं खपून जाईल. पुस्तकात माईंना आई म्हणून जेवढी जागा द्याल, तेवढीच काम करणारी बाई म्हणूनही द्या. ती कशी होती यापेक्षा ती कसं करायची, हे लिहा. माटोळीत कवंडाळ आणि घागऱ्यो कुठं, आंबाडे कुठं, सुपारीचं शिपूट मधोमध की कडेला? 'थोडं उजवीकडं घे' म्हणून त्या शिडीवरच्या माणसाला दहादा का छळायच्या? गोधडीला आधी कडा घ्यायच्या की मधून सुरुवात करायच्या? गाणं आधी चालीत सुचायचं की शब्दांत? यातलं तुम्हाला निम्मंही ठाऊक नसेल. ठाऊक नाही हेही लिहा, तिथं जागा सोडा, कुणीतरी येऊन भरेल.

आणि पहिल्या पानावर त्यांची दोन्ही नावं छापा. तुम्ही ओझरतं लिहिलंय की वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर लग्नाआधीचं नाव दोनदा गिरवलेलं आहे आणि ते तुमच्या मुलीला आजवर माहीतच नव्हतं. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायचं, आणि जुनं माहेरच्या दारातच राहायचं. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या ज्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नावही टिपून ठेवलं. 'पारंपरिक' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. माईंची गाणीही वाड्यावर उद्या 'पारंपरिक' होतील. व्हायला हरकत नाही, पण निदान एका कागदावर ती कुणाची आहेत ते असू दे.

ती कडू पानं. दादांना आधी एवढंच सांगा की फाडायचा हक्क कुणालाच नाही. गोव्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलंय, आणि लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइटही वारसांकडे येतो. म्हणजे त्यांनी एकट्यानं फाडायची नाहीत, तशी तुम्हीही एकटीनं छापायची नाहीत. वही शाबूत ठेवणं हे एक काम आणि ती चारचौघांत मांडणं हे दुसरं. तुम्ही बहीण-भाऊ या दोन कामांची सरमिसळ करून भांडताय.

शाबूत ठेवायचं ते सगळं, शेवटच्या हिशेबापर्यंत. छापायचं काय ते निवडा, आणि जे आत्ता छापवत नाही ते पाकिटात घालून वर तारीख टाका: पाच वर्षांनी पुन्हा बघू.

सासूवरच्या ओव्यांनी मात्र घाबरून जाऊ नका. सासुरवास हा ओवीचा आणि फुगडीचा जुना विषय. चांगली सासू असलेली बाईसुद्धा मांडावर सासूला चार शब्द ऐकवायची आणि सासू ओसरीवरून हसत ऐकायची. ती ओळ म्हणजे पोलिसातला जबाब नव्हे. उलट, 'हे काय, रीतच आहे' म्हणून झटकूनही टाकू नका. रीतीच्या आडून खरं बोलायची सोय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली आहे. कुठली ओळ रीतीची आणि कुठली जिवाची, हे तुम्हाला कोण सांगेल? तुमची आत्या. त्या एका घरात वाढल्या, त्यांनी दोघींना पाहिलं. छापण्याआधी त्यांना ती पानं वाचून दाखवा. त्यांना वाईट वाटलं तर ते तुमच्यासमोर घरात वाटेल, समारंभात पुस्तक उघडल्यावर नव्हे.

दादांबद्दलची ओळ तुम्ही मला लिहिली नाहीत, बरं केलंत. ती दादांनाच एकट्यात वाचू द्या. आईचं आपल्याबद्दलचं शेवटचं लेखी मत कडू असावं, यासारखं दुसरं दुःख नाही. पानं फाडायचा हट्ट तिथून येतोय असं मला वाटतं, आमदारांच्या संदेशाचाही. वहीत त्यांच्याबद्दल एखादी गोड ओळ असेल, दुधाच्या हिशेबात कुठंतरी 'थोरल्याच्या फीला' म्हणून वेगळे काढलेले पैसे असतील. ते पान शोधून त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या. आईनं दोन्ही लिहिलेलं असणार. हिशेब ठेवणारी बाई होती.

आता गोधडी. इथे, ताई, मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. पण तुमचं म्हणणं मला कळतं. लुगड्याला अजून आईचा वास आहे आणि त्याला कात्री लावायची म्हणजे काळजालाच. तुम्हाला कपाट बंद करून किल्ली जवळ ठेवायची आहे. मुलीच्या दुःखाला हात हवेत, काहीतरी करायला हवंय. दोघीही एकाच बाईसाठी रडताय, एवढं तरी एकमेकींना सांगा.

पण गोधडी म्हणजे काय हो? कापल्याशिवाय ती होतच नाही. माईंनी आयुष्यभर कुणाची ना कुणाची लुगडी फाडली. तुमच्या लहानपणच्या गोधडीतला तो हिरवा तुकडा आजीच्या लुगड्याचा होता असं तुम्हीच लिहिता. ज्या सासूवर ओव्या रचल्या तिचं लुगडं नातवंडांच्या पांघरुणात घातलं, यावर मी दोन दिवस विचार करतेय. माईंचं सासूबद्दलचं खरं मत त्या ओव्यांत आहे की त्या तुकड्यात, ते तुम्ही ठरवा.

मुलीला होकार द्या, पण घाईत नको. कात्री लावण्याआधी दोन्ही लुगडी अंगणात दिवसाउजेडी पूर्ण पसरून फोटो काढा. काठ आणि पदर वेगळे काढून ठेवा. एक लुगडं तुमचं, ते तुम्ही निवडायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. माईंनी घातलेला एकही टाका उसवायचा नाही, वाकडा असला तरी. बोटभर अंतरात त्या धावदोऱ्याचे किती टाके घालायच्या ते मोजून वहीत लिहून ठेवा. तो त्यांचा हात आहे, सहीसारखा. आणि मुलीनं तिथून पुढं वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. माईंच्या टाक्यांची नक्कल करायला गेली तर दहा वर्षांनी कुणाचं कुठलं ते घरातल्यांनाही कळणार नाही. वेगळा दोरा असला की आजी कुठं थांबली ते बोटानं चाचपून सांगता येईल. सगळ्या गोधड्यांच्या एका कोपऱ्यात माई लाल ठिगळ लावायच्या ना? या गोधडीचा तो कोपरा अजून व्हायचा असेल तर लाल तुकडा कुठून आणायचा ते मुलीला ठरवू द्या. तिच्या एखाद्या जुन्या ओढणीचाही चालेल.

तुमच्यासारख्या पेट्या आणि वह्या पुष्कळ घरांत आहेत, म्हणून थोडं सांभाळण्याबद्दल. वही लॅमिनेट करून घेऊ नका, फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा जातो. खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश न मारता, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरं पानही सोडू नका. आणि पानांत दडपलेलं बसचं तिकीट, सुकलेलं फूल जिथं मिळालं तिथंच ठेवून त्याचाही फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो बारीक होऊन जातो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एक संच तुमच्याकडे, एक दादांकडे, एक मस्कतला. धाकट्याच्या पैशांतून हार्ड डिस्क घ्या, म्हणजे त्यालाही 'तुम्ही ठरवा' यापेक्षा काहीतरी काम होईल.

आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कागद आतल्या आत घामेजतो आणि बुरशी धरतो. धुतलेल्या जुन्या मऊ सुती कापडात वही गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, खोकं जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. दसरा झाला की उघडून सावलीत वारा द्या, कसर लागली आहे का बघा. गोधड्यांची घडी दरवर्षी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरतं. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर ठेवू नका. प्रत्येक गोधडीला आतल्या बाजूनं सुती पट्टी शिवा आणि तीवर कुणाकुणाची लुगडी, कुणाच्या जन्माला शिवली, जमेल तेवढं भरतकामाच्या दोऱ्यानं घाला. फोटोंच्या मागं मऊ पेन्सिलनं नावं लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.

धाकट्याच्या लग्नातली, माईंच्या आवाजाची कॅसेट आहे म्हणता. मोह झाला तरी घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावू नका, फीत अडकली तर संपलंच. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर वाजवायचीच नाही, जाणकाराकडून साफ करून घ्यायची आणि मग डिजिटल. निघालं तर उत्तम. नाही निघालं तरी माईंचा आवाज गेला म्हणून गाणी गेली असं होत नाही. फुगडी आणि धालो एकट्यानं म्हणायचे प्रकारच नव्हेत. पन्नास जणींच्या तोंडात ती गाणी आहेत.

आणि पौष तोंडावर आला आहे. वर्ष व्हायचं आहे म्हणून मांडावर उभं राहावंसं वाटणार नाही. बाजूला बसा, पण जा. गाणं सांगा म्हटलं तर बायका लाजतात, 'आमकां खंय येता' म्हणतात. तुम्ही माईंची अर्धी ओळ म्हणा आणि अडल्यासारखं करून थांबा. बघा, तीन बाजूंनी तीन जणी पुरी करतील आणि तिघींच्या शब्दांत थोडा फरक असेल. तिन्ही टिपून घ्या, कुठली बरोबर हे विचारू नका. फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी सांगून करा. पुरुष मंडळींना त्या रात्री घरी ठेवा, मांडाची रीत तीच आहे.

वर्षश्राद्धाला मग काय करायचं? जेवणावळ होईलच. ओसरीवर दोरी बांधून माईंच्या गोधड्या टांगा, नातेवाइकांकडे आहेत त्याही मागवून घ्या, एका दिवसापुरत्या. वहीतली एक ओवी कागदावर छापून पानाशेजारी ठेवा, माईंच्या हस्ताक्षरातली, दोन्ही नावांसकट. एवढं पुरे. पुस्तक पुढच्या चवथीला नाहीतर त्याच्या पुढच्या. चाळीस-पन्नास प्रतींच्या वर काढू नका, हल्ली तेवढ्याही छापून मिळतात. त्यातली एक पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात नेऊन द्या. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे. तुमच्या माळ्यापेक्षा तिथं वाळवीची काळजी जास्त घेतली जाते.

एक राहिलं. मामा थकलेत म्हणून त्यांना यात ओढलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण ताई, त्या ओवीतला 'भाव' म्हणजे हेच मामा ना? माईंपेक्षा तीन वर्षांनी धाकटे, शाळेत जाणारे? बहीण अंगणात उभी राहून बघायची, हे त्यांना कधी कळलं होतं का, शाळेतून आल्यावर पाटीवर तिला काही गिरवून दाखवलं होतं का, त्या अंगणातून शाळेची वाट कुठल्या बाजूला दिसायची, हे सांगू शकणारं आज एकच माणूस आहे. प्राध्यापकांकडे जाण्याआधी मयेला जा. या रविवारीच जा, सकाळच्या वेळी, ते ताजेतवाने असताना. मूळ वही न्या, झेरॉक्स नको. आणि फोन पूर्ण चार्ज करून न्या.